पाचवा वाचक

एका बाईनं स्वतःचं नाव लपवून लिहिलेलं लिखाण मी तिला न विचारता, तिच्या सासू-सासऱ्यांसमोर, भर पंगतीत मोठ्यानं वाचून दाखवलं. वर तिच्याकडे बोट करून टाळ्या मागितल्या. गाढवपणा एवढाच. सांगायला अर्धा मिनिट लागला. त्याला आता तीन हिवाळे झाले.

पौष आला की वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आमच्या वस्तीमागून गोवऱ्यांचा धूर यायला लागतो. वस्ती संपते तिथं भाजीच्या वाड्या सुरू होतात. वांगी, पालक, मुळा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाबांधानं माणसापेक्षा उंच तूर. थंडीतल्या एखाद्या रविवारी कुणाच्या तरी वाडीतल्या मारोतीपुढे रोडग्यांचा कार्यक्रम असतो. कणकेचे गोळे आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीत कुस्करून खायचे. तो वास इतरांच्या तोंडाला पाणी आणतो. मला खिडकी लावून घ्यावीशी वाटते. बायको म्हणते, "लावा, लावा. धूर खिडकीनं आत येते, लाज कुठून येते?"

बायको हिंगणघाटची. कापसाच्या जिनिंगच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची तिकडच्या माणसांना सवय असते, त्यामुळे तिचा टोमणा शेजारच्या दोन घरांना तरी ऐकू जातो.

मी शाळेत भूगोल शिकवत होतो. निवृत्त झालो आणि नद्या, वारे, खंड सगळे एकदम हातातून सुटले. ते परत गोळा करायचं एक साधन मला सापडलं, ते म्हणजे फीड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेपरवाला जसा दारात पेपर टाकून जातो, तसं आपण निवडलेल्या बातम्यांच्या पानांवर, कुणाकुणाच्या ब्लॉगवर काही नवं आलं की ते आपोआप तुमच्या मोबाइलमधल्या एका डब्यात येऊन पडतं. त्या डब्याला रीडर म्हणतात. शिवाय शोधयंत्राला काही शब्द देऊन ठेवता येतात. त्या शब्दांबद्दल जगात कुठंही कुणी लिहिलं, की सूचना येते. बसल्या जागी सारं जग हजेरी देतं. मास्तराला दुसरं काय पाहिजे?

मी चाळीसेक शब्द पेरले होते. 'हिंगणघाट' टाकला तर सकाळी सकाळी उपवर मुलींची स्थळं यायची आणि बायको चष्म्यावरून बघायची. 'कापूस' टाकला तर चेहऱ्यावरचा रंग कापसाच्या बोळ्यानं कसा पुसावा याची सचित्र माहिती. 'कारंजा' या गावानं तर बागेत पाणी उडवायच्या मोटरी विकायला आणल्या. तरी मी चिकाटी सोडली नाही. दिवसाला दीडशे गोष्टी वाचायचो आणि मग त्या कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, बसस्टॉपवर उभी माणसं. कुणीही चालायचं. आता आठवलं की कळतं, ही माणसं घड्याळात बघायची. तेव्हा वाटायचं, त्यांना वेळेची किंमत कळते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मी तीन शब्द एकत्र दिले: वाडी, वांगी, सांबार. हे तीन शब्द एका दमात आमच्याकडचाच माणूस वापरील. चौथ्या दिवशी डब्यात एक ब्लॉग येऊन पडला. नाव 'तुरीच्या आडून'. लिहिणारी 'एक भाजीवाली'. वाचक चार. मी पाचवा झालो.

काय लिहायची! जानेवारीत पहाटे वाफ्याला पाणी देताना पाय आधी दुखतात, मग आपले वाटेनासे होतात, आणि ऊन आल्यावर परत येतात तेव्हा रागावलेले असतात, असं एक होतं. विहिरीच्या वाकड्या पाइपावर बसणाऱ्या खंड्यावर एक होतं. सांबाराची जुडी बांधताना दोरा दातानं तोडायची सवय लागली आणि एका लग्नातल्या फोटोतही आपण पदराचा दोरा तोडतोय, असं एक होतं. कुठं रडणं नाही, उपदेश नाही. दीडशे बातम्यांच्या ढिगाऱ्यात ती एक नोंद आली की मी बाकीच्या एकशे एकोणपन्नास न वाचता 'वाचल्या' करून टाकायचो.

त्यात एक पात्र अधूनमधून यायचं, 'बातमीवाले सर'. भाजी घ्यायला येतात, पिशवी घरी विसरतात, वांगी रुमालात बांधतात आणि ती बांधता बांधता ब्राझीलच्या जंगलाची बातमी सांगतात. 'सरांच्या खिशात जग वाजत राहते, पण सुटे पैसे कधी वाजत नाहीत.' मी हसून हसून लोळलो होतो. कोण असेल हा इसम, याचा मी बराच विचार केला आणि शेवटी मागच्या गल्लीतल्या निवृत्त कॅशियरवर शिक्कामोर्तब केलं. पिशवी मीही विसरायचो, पण माझी गोष्ट वेगळी होती. कशी वेगळी, ते तेव्हा मला नीट ठाऊक होतं.

आता वाचून गप्प बसावं ना? पण मास्तर तो. उत्तर मिळालं की वर्गाला सांगितलंच पाहिजे. ही भाजीवाली कोण, याचा मी तपास लावला. मोबाइल हातात धरून मी वाड्यावाड्यांतून फिरलो. वाकडा पाइप शोधला. एका नोंदीत आलेला, विजेच्या तारांसाठी एका अंगानं छाटलेला कडुनिंब शोधला. लोकांना वाटलं, सरांना डॉक्टरनं चालायला सांगितलं. आणि एका सकाळी, नामदेवभाऊंच्या वाडीत, वाकड्या पाइपावर प्रत्यक्ष खंड्या बसलेला दिसला. त्याच्या पलीकडे तुरीच्या ओळीआड नामदेवभाऊंची सून योगिता उकिडवी बसून मोबाइलवर अंगठा चालवत होती. खंड शोधून काढणाऱ्या खलाशालाही एवढा आनंद झाला नसेल. साम्य इतकंच, की त्या खंडावर माणसं आधीपासून राहत होती, हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही.

नामदेवभाऊंकडून आम्ही वर्षानुवर्षं भाजी घेत होतो. ते आणि शेवंताबाई वाडी बघायचे, मुलगा एका दुकानात कामाला आणि योगिता वाडी नि घर दोन्ही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन आलेली. शेवंताबाई म्हणजे कमालीची गंभीर बाई. आयुष्यात त्यांनी माझ्याशी 'किती देऊ?' याच्यापुढं वाक्य बोललं नव्हतं. त्यांचा हसरा चेहरा आधारकार्डावर तरी असेल का, अशी मला शंका होती.

पौषात नामदेवभाऊंनी रोडगे ठेवले. शंभरेक पानं. मी योगिताला काहीच बोललो नव्हतो. मला तिला चकित करायचं होतं. केवढा हा शब्द! चकित.

जेवणं अर्ध्यावर आली होती. पुरुष एका ओळीत, बाया एका ओळीत, मधून योगिता भाजीची बादली घेऊन वाढत होती. मी उठलो. तुपाचे हात रुमालाला पुसले, मोबाइल काढला आणि वर्गातला आवाज लावला.

"एक मिनिट सगळ्यांनी इकडं लक्ष द्या."

"बसा ना सर, रोडगा थंडा होऊन राह्यला," कुणीतरी म्हणालं.

"आपल्यात एक लेखिका बसली आहे आणि आपल्याला पत्ता नाही," मी म्हणालो, आणि वाचायला लागलो. निवडही माझीच. तेवीस नोंदींतली मला सगळ्यात आवडलेली नोंद.

'सासूबाई घरात कमी बोलतात. वांग्याच्या तासात, दोन ओळींच्या मधे, शिरल्या की त्यांच्यात माणसं शिरतात. आधी मामाजी, म्हणजे सासरे, येतात. बाजारात दलालावर गरजणारे, आणि दारातल्या बकरीला हाकलताना "जाय ना माय, जाय ना" म्हणून विनवणी करणारे. मग पाहुण्या येतात, त्यांचे गुडघे येतात. बातमीवाले सर येतात, रुमालाची गाठ न बसल्यामुळे ब्राझीलवर घसरतात. कधी कधी मीच येते. माझं चालणं, माझं माहेरी हळू आवाजात फोन करणं. सासूबाई हुबेहूब मी होतात आणि मग पदर तोंडात कोंबून एकट्याच हसतात. इकडे तुरीच्या आड मी हसते. आम्ही दोघी एकाच वेळी हसतो, हे फक्त मला माहीत आहे.'

पहिल्या बकरीलाच पंगत फुटली. माणसं मांड्यांवर हात मारून हसली. ब्राझीलला तर असा काही हशा उठला, की मी चमकून वर पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या हातातल्या रुमालाकडे. तिकडे ओळीच्या टोकाला ते निवृत्त कॅशियर ठसका लागेपर्यंत हसत होते. चार महिने मी त्यांची कीव केली होती. माणसाला स्वतःची ओळख पटायला शंभर साक्षीदार लागावेत, हे जरा जास्तच झालं. पण खरी लाज ही नव्हे. ही लाज मी नंतर गमतीनं चार ठिकाणी सांगितलीसुद्धा.

खरी लाज बायांच्या ओळीत बसली होती. शेवंताबाईंनी सुरुवातीला इतरांचं पाहून ओठ थोडे हलवले होते. 'पदर तोंडात कोंबून' या शब्दांनंतर त्यांचा हात पत्रावळीवर थांबला तो थांबलाच. आणि मी? मी शेवटचं वाक्य वाचलं, बोट केलं आणि म्हणालो, "ही बघा लेखिका! आपली योगिता! टाळ्या!"

तिघांनी वाजवल्या. चौथ्यानं आजूबाजूला पाहून हात खाली घेतले.

नामदेवभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "बकरीचं... हे कोणी सांगतलं?"

शेवंताबाई उठल्या, हात धुतले आणि वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं काहीच काम नव्हतं, तिकडे चालू लागल्या. योगितानं बादली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल, रागावेल, निदान काही बोलेल. ती एवढंच म्हणाली, "सर, फोन आत ठेवा. मागच्या ओळीले वाढायचं राह्यलं." आणि बादली उचलून वाढायला गेली.

निघताना नामदेवभाऊंनी घरच्यासाठी पाच रोडगे बांधून दिले. "मॅडमले द्या," म्हणाले. त्यांनी मला हाकलून दिलं असतं, तर मी त्यांचा जन्मभर आभारी राहिलो असतो.

दुपारी चारला मी रीडर उघडला. 'तुरीच्या आडून'पुढे लाल खूण होती. हा पत्ता अस्तित्वात नाही.

बायकोनं सगळं शेजारणीकडून ऐकलं. "तिनं लिवलं तर लिवलं. तुमी काऊन बोंब मारली?"

"चांगलं होतं गं. लोकांना कळायला नको?"

"चांगलं होतं तर चूप बसाव ना बापा! शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तुमचा तास काही संपत नाई."

मग मी वाट बदलली. नामदेवभाऊंची हातगाडी ज्या चौकात लागते तो टाळून, मागच्या रस्त्यानं, पार वर्ध्याच्या बाजारातून भाजी आणायला लागलो. पिशवी आता आठवणीनं न्यायचो. लाजेनं माणूस शिस्तीचा होतो. बाजारातली वांगी बायको हातात फिरवून बघायची आणि काही न बोलता चिरायची. हिंगणघाटची बाई काही बोलत नाही, तेव्हा समजून घ्यायचं असतं.

आता या लेखातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. इतका वेळ टाळत होतो.

फीडचा एक गुण आहे. लिहिणाऱ्यानं आपलं पान पुसून टाकलं, तरी वाचणाऱ्याच्या डब्यात आधी येऊन पडलेलं लिखाण तसंच राहतं. योगितानं ब्लॉग मिटवला, पण तेवीसच्या तेवीस नोंदी माझ्या मोबाइलमध्ये होत्या. ती थेट मोबाइलवरच लिहायची, कागदावर उतरवायची चोरी होती, हे तिच्याच एका नोंदीत होतं. म्हणजे जगात त्या एकाच ठिकाणी उरल्या होत्या: ज्यानं त्या संपवल्या त्याच्या खिशात.

हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी तिला सांगितलं नाही. तोंड दाखवायची लाज, हे एक कारण, आणि ते मी स्वतःला पुरवून पुरवून वापरलं. दुसरं कारण असं, की मला त्या वाचायच्या होत्या. थंडीच्या सकाळी चहाबरोबर मी एखादी काढायचो. पाय रागावून परत यायचे, खंड्या पाइपावर बसायचा, आणि मला बरं वाटायचं. ज्या घरात मी असा धिंगाणा घातला, त्या घरातली चीज मी चहाबरोबर चवीनं खात होतो. तीन वर्षं. पंगतीतला गाढवपणा अर्ध्या मिनिटाचा होता, त्याला उत्साह तरी म्हणता येईल. याला काय म्हणायचं? मी शब्दांचे अलर्ट लावणारा माणूस, पण या शब्दाचा शोध मी कधी घेतला नाही.

या पौषात रीडर उघडला तर वर पाटी: ही सेवा महिनाअखेर बंद होत आहे. आपला साठा उतरवून घ्यावा. तीन वर्षं माझ्या मनाच्या टोचणीला जे जमलं नाही, ते त्या पाटीनं एका सकाळी केलं.

छापून घ्यायला दुकानात गेलो आणि दारातून परतलो. दुकानदार वाचेल. एवढी अक्कल तरी आली होती. मग दोनशेपानी वही आणली आणि हातानं उतरवायला बसलो. आठ दिवस लागले. बातमीवाल्या सरांच्या नोंदी आल्या तेव्हा हात जरा अडला. गाळाव्यात, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच मी सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिल्या. पंगतीतली नोंद मात्र लिहिताना अक्षर बिघडलं, आणि ते पान फाडून पुन्हा लिहिलं तरी बिघडलंच.

सकाळी नऊच्या सुमाराला वाडीत गेलो. दव अजून पालकावर होतं. योगिता वाफ्यात बसून पालक कापत होती. शेवंताबाई लांब वांग्यात, पाठमोऱ्या. मला बघून योगिता उठली नाही.

"सर? इकडं कसे? पालक पायजे काय?"

मी वही पुढे केली. तिनं हात ओढणीला पुसले, पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्यावर ती खाली बांधावर बसली. बराच वेळ नुसती पानं उलटत होती. पाण्याचा पाट कुठंतरी फुटला होता, त्याचा आवाज येत होता, पण ती तिकडं गेली नाही.

"हे कुठून आणलं?"

मी सांगितलं. डबा, लाल खूण, सगळं. फीड म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो, तर तिनं हात वर केला.

"म्हंजे तीन वर्षं तुमच्यापाशी होतं हे?"

"हो."

"अन् तुमी वाचत होते?"

मी मान हलवली. ती मानही मास्तर वर्गात हलवतात तशी हलली असावी, कारण तिनं नजर वळवली.

"मी तर इसरून गेलती यातलं," ती म्हणाली. "हे पायाचं मी लिवलं होतं काय? चांगलं लिवलं होतं." मग वही मिटून मांडीवर ठेवली. "मोबाइल काढा."

मी काढला.

"पुसा."

"महिनाअखेर ते आपोआपच जाणार आहे, सेवा बंद..."

"आपोआप नाई. तुमी पुसा. माह्यासमोर."

मी रीडर उघडला. 'हे फीड त्यातल्या सर्व नोंदींसह काढून टाकायचं का?' असं त्यानं विचारलं. तिनं वाकून ते वाचलं. मी दाबलं. तेवीस होत्या तिथं काही नव्हतं.

आता निघावं, हे कळत होतं. पण माझी जीभ. "योगिता," मी म्हणालो, "पुन्हा लिही. खरंच सांगतो, फार चांगलं..."

तिनं विळा उचलला आणि परत पालकाला लागली. कापता कापता, वर न पाहता म्हणाली, "लिवीन का नाई ते मी पाहीन. लिवलं तर तुमाले सापडनच, तुमची सवय मले माहीत हाय. सापडलं तर वाचजा. पण तोंड उघडू नोका, सर. तुमच्या तोंडापायी माही सासू तीन वर्षांपासून या वाडीत मुकी फिरून राह्यली."